चष्मा काढा, काकू

आमच्या लोकगीत मंडळाची प्रसिद्धी पाहणारे गृहस्थ खिशात पेनाशेजारी छोटी कात्री ठेवतात. मंडळाची बातमी दिसली की तिथेच कापून घेतात, पेपर दुसऱ्याचा असला तरी. माणसांकडेही ते मान वाकडी करून तसेच पाहतात, कुठून कापावे हे ठरवत असल्यासारखे.

मी मंडळात जात्यावरच्या ओव्या म्हणते. पेपरातल्या फोटोसाठी मी नवे लुगडे नेसून गेले. ते म्हणाले,

"काकू, हे काहून नेसल्या? जुनं नेसा. अन् चष्मा काढा. खेड्यातली बाई वाटली पाहिजे."

मी काढला. गाण्याखेरीज चारचौघांत माझे तोंड उघडत नाही.

रविवारी त्यांनीच घरी येऊन कात्रण वाचून दाखवले. "अक्षरओळखही नसलेल्या या माउलीच्या कंठात..."

"मी चौथी शिकली आहो," मी म्हटले. "तुम्हाले माहीत आहे."

"मालूम आहे नं! पण असं लिहिलं का लोक धावत येते. तुमचंच नाव होऊन राहिलं."

मला शाळेत जाता यावे म्हणून आई माझ्या वाटची धुणीभांडी उरकून कापूस वेचायला जायची. तिचे चार वर्षांचे कष्ट यांनी एका ओळीत कापून टाकले.

काल भरल्या हॉलसमोर ते माइकवर पुन्हा तेच 'अक्षरओळखही नसलेली माउली' म्हणू लागले. मी जात्यापाशी बसले होते. पिशवीतून चष्मा काढून घातला, त्यांनी माझ्याकडे ठेवलेले ते कात्रण डोळ्यांपुढे धरले आणि वाचू लागले. पुढच्या रांगेत कुणी तरी हसले.

"काकू, लोक पाहून राहिले!" ते माइकवर हात ठेवून पुटपुटले.

मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. मग चष्मा डोळ्यांवर तसाच ठेवून गायले.