पाटलाच्या जीपचा स्टार्टर

नवी गाडी घेतली की फोटो जमतात, जुनी सांभाळली की किस्से! आमच्या दिघाशीच्या नारायण पाटलाने वडिलांची डिझेल जीप विकायला साफ नकार दिला. त्यामुळे आमच्याकडे फोटो एकही धड नाही, पण किस्से मोप. आम्ही म्हणजे तिघं. मालक पाटील, रिटायर झालेले ड्रॉइंगचे जोशी सर आणि कॉलेजात क्लार्की करणारा मी. दर रविवारी जीप काढायची आणि कुठेतरी जायचं, हा आमचा नेम.

जीपचं इंजिन ठणठणीत. दुखणं एकच, स्टार्टर! चावी फिरवली की आतून नुसतं ‘टक्’. मग एकाने खाली वाकून स्टार्टरवर हातोडीने दोन ठोके द्यायचे, की बाईसाहेब जाग्या.

एकदा ऐन धामणकर नाक्यावर जीप बंद पडली. मागे रिक्षांची रांग आणि हॉर्नचा नुसता कल्ला. जोशी सर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात खाली वाकले आणि ठोकायला लागले. शेजारचा रिक्षावाला कळवळून म्हणाला, “चाचा, मारते क्यों हो? प्यार से बोलो ना!”

सरांनी हातोडी खाली ठेवली, बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाले, “चल गं बाई, लोक बघतायत.”

पाटलाने चावी फिरवली. झाली की चालू!

रिक्षावाला सरांना म्हणाला, “अब घर में भी ऐसेच बोलना!”

पुढे ठोके खाऊनही जीप रुसायला लागली. मग पाटलाने नवा कायदा काढला. एकदा चालू झाली की बंद करायचीच नाही! त्याच दिवसांत सरांच्या भाच्यासाठी मानकोलीला मुलगी बघायला गेलो. आत कांदेपोहे, बाहेर जीप धडधडतेय. मुलीचे वडील सारखे खिडकीकडे बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

“पाहुणे घाईत आहेत का?”

सर म्हणाले, “छे हो! आम्ही निवांत आहोत. गाडी घाईत आहे.”

भाच्याचा चेहरा पडला. तेवढ्यात मुलगीच म्हणाली, “बंद करा ना. नाही झाली चालू तर आम्ही धक्का देऊ!”

भाच्याने तिथल्या तिथे होकार दिला. जीप बंद केली आणि ती खरंच चालू झाली नाही. होणाऱ्या सासऱ्यांनी जावयाच्या खांद्याला खांदा लावून धक्का मारला!

अखेर एका सकाळी ठोके, धक्के, गोड बोलणं, कशालाच ती दाद देईना. पाटलाने इस्माईलभाई मेकॅनिकला दिघाशीला आणलं. त्यांनी खाली डोकावून निकाल दिला, “पाटीलसाब, ये बीमार नहीं है, मरहूम है!”

नवा स्टार्टर आला. बॅटरीची वायर काढली, जुना सोडवायला घेतला. खालचे बोल्ट निघाले, पण वरचा दिसेना. नुसता हाताला लागायचा. आमच्यात हात बारीक फक्त सरांचा. तो आत गेला, पण बाहेर येईना! नेमका तेव्हाच सरांच्या घरून काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा फोन. मी तो सरांच्या कानाला लावला.

“कुठे आहात?”

“इंजिनात!”

“म्हणजे?”

“हात अडकलाय गं.”

काकू किंचाळल्या, “अंगठी आहे ना बोटात?”

“आहे.”

“मग ठीक. हाताचं सावकाश बघा!”

इस्माईलभाई इतके हसले की त्यांच्या हातातला पाना निसटला. पण थोडं ग्रीस चोळून सरांचा हात त्यांनीच सोडवला, बोल्टसकट.

दुपारी नवा स्टार्टर बसला. पाटील जीपमध्ये चढला. त्याच्या अंगणापलीकडे बांबूचं कुंपण होतं आणि त्यापलीकडे बाळाराम काकांचं घर. काका म्हणजे वडिलांचे सख्खे भाऊ. ही जीप दोघा भावांनी मिळून आणलेली. पण वडील गेल्यावर हद्दीवरून दोन घरांत वाजलं आणि काकांनी स्वतःच्या हाताने ते कुंपण घातलं. तेव्हापासून बोलणं बंद. पाटलाच्या मुलीच्या बारशालाही काका आले नव्हते. पाटील तेव्हा संध्याकाळपर्यंत दारात उभा होता.

इस्माईलभाईंनी विचारलं, “न्यूट्रल में है ना?”

“हाय, हाय!” पाटील खुशीत म्हणाला.

नव्हती! हँडब्रेक धरत नसल्याने तो जीप नेहमी गिअरमध्येच उभी करायचा. चावी फिरली, जीपने उडी मारली आणि कडाकड कुंपण मोडून थेट काकांच्या अंगणात, वाळत घातलेल्या सुकटीपुढे जाऊन थांबली. पाटलाचे पाय कसेबसे क्लच-ब्रेकवर पोचले होते.

काका काठी घेऊन बाहेर आले. पाटील पांढराफटक. काकांनी मोडलेल्या बांबूंकडे पाहिलं, मग बॉनेटवर हात ठेवून धडधड ऐकत राहिले.

“नवा स्टार्टर बसवलास, नारू?”

“व्हय, काका. कुंपण आजच बांधून देतो.”

काकांनी हातातली काठी जीपच्या मागच्या सीटवर टाकली आणि पाटलाच्या शेजारी चढून बसले.

“नको. र्‍हाऊ दे तसंच. जीपला यायला-जायला बरं.”