कोरडा ओहोळ

"मी कोणाला उतरा म्हणून सांगितलं नव्हतं!"

"मग कोणी सांगितलं, बाबा? दगडांनी?"

"सुलू, आवाज खाली. वॉचमन ऐकतोय."

"ऐकू दे! अख्ख्या मुलुंडला ऐकू दे. तिकडे त्या चंद्रप्रकाशचं कोण ऐकणार, ते बोला. तीन वाजता त्याला वनखात्याच्या साहेबापुढे उभं राहायचंय. आत्ता अडीच वाजून गेलेत."

काशीराम घाडींनी गुडघ्यावरचा पट्टा उगाचच सोडला आणि पुन्हा आवळला. बापलेक बसले होते ते सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीत. सुलक्षणाने जुना टेम्पो घेऊन भांडुपच्या एका गॅरेजात तो कापूनकुपून घेतला होता. आत घडीचे बिछाने, दोन शेगड्या, मोरी, टपावर पाण्याची टाकी. कागदोपत्री ती कॅरॅव्हॅन, सोसायटीत मात्र 'सुलूचं बिऱ्हाड'. या बिऱ्हाडात माणसं भरून ती लांबलांबच्या डोंगरांत न्यायची. गाडी ती चालवायची आणि डोंगर बाबांकडे.

का असू नये? काशीराम अडुसष्ट वर्षांचे. देवगडहून पोरवयात मुंबईत आले, गिरणीत लागले, गिरणी बंद पडली तेव्हा मुलुंडच्या एका कारखान्याच्या फाटकावर शिट्टी घेऊन उभे राहिले. आठवड्याचे सहा दिवस ते वॉचमन. रविवारी मात्र घाडीमामा! चाळीतली पोरं घेऊन मागच्या डोंगरात शिरायचे ते संध्याकाळीच बाहेर पडायचे. एकदा दोन पोरं जंगलात हरवली, पोलीस दिवसभर वरवर शोधत राहिले. मामांनी ओहोळ धरला, पाण्याच्या कडेने उतरत गेले, खालच्या पाड्यात पोरं भाकरी खात बसलेली. तेव्हापासून त्यांनी शेकडो पोरांना एकच शिकवलं: वाट चुकली तर घाबरायचं नाही. ओहोळ धरायचा, खाली उतरायचं. पाण्याशेजारी माणूस भेटतोच.

चाळीस वर्षं ते खरं ठरलं होतं.

"विनिताबेनचा काल फोन आला होता मला," सुलक्षणा म्हणाली. "घाटकोपरहून. म्हणाल्या, तुमचे बाबाच म्हणाले, ओहोळाने उतरू."

"तिला चक्कर आलेली. तिला काय आठवतंय!"

"चक्कर नंतर आली. उतरल्यावर."

काशीराम खिडकीकडे वळले. खिडकीबाहेर कुणाची तरी स्कूटर खोकत होती.

गेल्या ट्रिपमधला राजस्थानातला तो डोंगर त्यांना आत्ताही दिसत होता. वाळवंटाच्या काठाला अभयारण्य, भाजलेल्या विटेच्या रंगाचे कडे, सावली म्हणून औषधाला नाही. सकाळी निघताना तिथल्या वाटाड्याने, चंद्रप्रकाशने, सगळ्यांना उभं करून बजावलं होतं, "वाट सोडायची नाही. और काकाजी, नाले में मत उतरना. यहाँ नाला गाँव नहीं ले जाता."

काशीराम हसले होते. काल मिशी फुटलेला पोरगा आपल्याला डोंगर शिकवतोय!

दुपारी चंद्रप्रकाश पुढच्या चौघांबरोबर खिंडीपर्यंत गेला. विनिताबेन आणि त्यांचे यजमान निमेशभाई दमत चालले होते, म्हणून काशीराम त्यांच्यासोबत मागे. एका सपाट खडकावर वाट दिसेनाशी झाली. थांबायचं होतं. फक्त थांबायचं, चंद्रप्रकाश परतलाच असता. पण डाव्या हाताला एक कोरडा ओहोळ खाली जात होता, गोल गुळगुळीत दगडांचा, अगदी ओळखीचा.

"चला," काशीराम म्हणाले, "माका डोंगर माहीत आसा. अर्ध्या तासात वस्ती."

अर्ध्या तासाने दगड. तासाने दगड. दोन तासांनी ओहोळ एका कड्याच्या टोकावर आला आणि संपला. खाली तीस-चाळीस पुरुष खोल पोकळी, पलीकडे वाळू आणि वाळू. पावसात तिथून धबधबा पडत असेल. आत्ता नुसता गरम वारा वर येत होता. आल्या वाटेने वर चढायला काशीरामांचा गुडघा तयार नव्हता. तिघांत एक बाटली, तीही पाऊण रिकामी. निमेशभाई ओरडत होते, "काका, गाम क्यां छे? कुठे आहे तुमचं गाव?" विनिताबेन बोलता बोलता थांबल्या आणि बसल्या जागी कलंडल्या.

ऊन कलताना चंद्रप्रकाश आला. हाका मारून घसा बसलेला, पाठीवर पाण्याचा डबा. विनिताबेनना त्याने पाठुंगळी घेतलं आणि वरपर्यंत नेलं, काशीराम काठी टेकत कसेबसे मागून.

आणि खाली कचेरीत साहेबाने विचारलं, "रास्ता किसने छोड़ा?" निमेशभाई थरथरत म्हणाले, "गाईड हमको छोड़के आगे गया." सगळ्यांनी काशीरामांकडे पाहिलं. ते पाणी पीत होते. पेला रिकामा झाला तरी त्यांनी तो ओठांवरून काढला नाही.

"त्याचा बिल्ला काढून घेतायत आज," सुलक्षणा आता हळू बोलत होती, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "बिल्ल्याशिवाय त्याला त्या डोंगरात पाऊल टाकता येणार नाही. जन्मलाय तो तिथे."

"मग विनिताबेनला बोलायला सांग."

"नवऱ्याने तक्रारीवर सही केलीय. त्या कशा बोलतील? तुम्ही बोला."

"आणि तुझी परवानगी? वाटाड्याचं न ऐकणारा माणूस तुझाच बाप, कळलं तर तुझं बिऱ्हाड तिथे उभं करू देतील?"

"नाही देणार कदाचित. माझं मी बघेन."

"गो बाये, असा कसा बघशीत! एवढी गाडी उभी केलंस..."

"बाबा, गाडीचं निमित्त करू नका. तुम्हाला कसली भीती वाटते ते मला माहितेय."

तिला माहीत होतं? त्यांनाच धड माहीत नव्हतं. काशीरामांनी दाराशेजारच्या खुंटीकडे पाहिलं. तिथे त्यांची काठी टांगलेली, टोकाला अजून तिकडची लाल माती. फाटकावरचा घाडी कोणाच्या लक्षात नव्हता. लग्नात, बारशात, अगदी स्मशानातसुद्धा लोक त्यांना हात धरून सांगायचे, मामा, तुम्ही शिकवलेलं विसरलो नाही. आता काय सांगायचं त्यांना?

तीनला दहा कमी. सुलक्षणाने कचेरीचा नंबर लावला आणि फोन त्यांच्यापुढे बाकावर ठेवला. घंटी वाजत राहिली. तिने हात मागे घेतला. आता फोन कापायचा तर त्यांनीच कापायचा.

"हॅलो?"

"साहेब..." काशीराम फोनवर वाकले. "मैं काशीराम घाडी. मुंबई से. रास्ता मैंने छोड़ा. लड़का सुबह ही बोला था, नाले में मत उतरो. मैंने सुना नहीं. उस दिन चुप बैठा, वो भी मैं ही."

पलीकडे कागद सरकले. लिहून, सही करून आत्ताच पाठवा, साहेब म्हणाला, सुनावणी तोपर्यंत थांबवतो. मग फोन कुणीतरी दुसऱ्याने घेतला.

"काकाजी? घुटना कैसा है आपका?"

काशीरामांनी गुडघ्याच्या पट्ट्यावर हात ठेवला. सुलक्षणानेच "ठीक है, भैया" म्हटलं.

तिने कागद पुढे केला. त्यांनी मराठीतच लिहिलं, उतरलो ती जागा, वेळ, पाणी किती होतं, सगळं. खाली सही केली. तिने फोटो काढून पाठवला. गेल्याची खूण उमटली तेव्हा तीनला एक मिनिट होतं.

काशीरामांनी पेनाला टोपण लावलं.

"सुलू," काशीराम म्हणाले. "मार्चातल्या ट्रिपला... मी सगळ्यांच्या मागून चालेन. तोंड उघडणार नाही. वाटाडो सांगात तसा. येऊ ना?"

सुलक्षणाने कागदाची घडी घातली. शेगडीचा गॅस बंद आहे का ते पाहिलं, बंदच होता. खुंटीवरची काठी तिने एका हाताने बाजूला सरकवली, तिच्यामागची गाडीची किल्ली काढली, "मार्चात नको, बाबा," एवढंच म्हणाली आणि पायरी उतरून गेली. गाडी जराशी कलली आणि पुन्हा सरळ झाली.