लाली उतरलेला डोळा

डोळ्याची लाली उतरू लागली म्हणजे डोळा बरा होऊ लागला, असे मानावे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हे लिहीत आहे. कारण मी तसे मानले होते, आणि तो डोळा माझ्या नवऱ्याचा होता.

त्यांचा डावा डोळा जन्मापासून अधू आहे. शेत, मोटारसायकल, वर्तमानपत्र, सारा संसार उजव्यावर चालतो. तोच लाल झाला, पाणी गाळू लागला, उजेड सोसेना. मला वाटले, डोळे आले. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची एक न उघडलेली बाटली घरात होती. ते थेंब मी घातले. दोन दिवसांत लाली निम्मी झाली. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बाई, लाली गेली म्हणता, मंग मला तुमचं तोंड धुक्यात का दिसून राह्यलंय?"

टेंभुर्णीच्या शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवले; म्हणून गावासारखे तेही मला बाईच म्हणतात. निरीक्षण वेगळे, अनुमान वेगळे, हे फळ्यावर असंख्य वेळा लिहिले. तरी घरात मी लाली पाहिली, दृष्टी विचारली नाही.

त्याच दिवशी आम्ही नवीन जालन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आधी डोळा पाहिला नाही. आधी क्रम विचारला. कोणत्या दिवशी काय झाले, काय घातले. मी बाटली पुढे केली. तिच्यावरचे बारीक अक्षर वाचून त्यांनी ती बाजूला ठेवली.

"काका, एवढ्यात ताप आला होता?"

"पंधरा दिवसांखाली आल्ता. जर मुतला ओठाला, मंग गेला."

ताप उतरताना ओठावर येणाऱ्या पुळ्यांना आमच्याकडे जर मुतला म्हणतात आणि ताप गेल्याची खूण समजून विसरतात. डॉक्टरांनी मात्र ते वाक्य लिहून घेतले.

मग कापसाचा एक धागा पिळून त्यांनी दोन्ही बुबुळांना आळीपाळीने हलकेच टेकवला. डाव्या डोळ्याची पापणी ताडकन मिटली. उजव्याची उशिरा, आळसावल्यासारखी; त्या बुबुळाला स्पर्श नीट कळत नव्हता. त्यानंतर रंगाची कागदी पट्टी पापणीच्या आत टेकवून निळा प्रकाश टाकला. यंत्रातून मोबाइलवर काढलेला फोटो त्यांनी मला दाखवला. बुबुळावर हिरवी चमकणारी, निष्पर्ण फांदीसारखी रेघ. प्रत्येक फाट्याच्या टोकाला बारीक गाठ.

"हा हर्पिस सिम्प्लेक्स. ओठावर आला तोच विषाणू. बहुतेकांना लहानपणीच लागतो, मज्जातंतूत झोपून राहतो, कधीतरी उठतो. यात लाजण्यासारखं काही नाही."

"आणि माझे थेंब?" मी विचारले.

"त्यात स्टेरॉइड आहे. त्यानं लाली उतरते. विषाणूला मात्र मोकळं रान मिळतं."

"बाईंनी घातलं म्हणून म्या गप बसलो," नवरा म्हणाला. "बाईंला चूक म्हणायची गावात कुणाची छाती हाय?"

मला हसू आले नाही. "नजर राहील ना?" एवढेच मी विचारले.

त्यांनी खोटा दिलासा दिला नाही, मला रागावल्याही नाहीत. फांदी अजून वरच्या थरात आहे, वेळेत आलात, म्हणाल्या. थेंब बंद केले. असायक्लोव्हिरचे मलम दिवसातून पाच वेळा. वेळा कागदावर लिहून दिल्या. पुढचे वाक्य मी जपून ठेवले आहे: "तीन दिवसांनी पुन्हा रंग टाकू. फांदी आखडली नसेल तर माझं काहीतरी चुकतंय असं धरून नमुना तपासायला पाठवू." आपले अनुमान कशाने खोटे ठरेल हे आधीच सांगणारी व्यक्ती मला तोवर पुस्तकातच भेटली होती.

तिसऱ्या दिवशी फांदीचे तुकडे झाले होते. दोन आठवड्यांनी निळ्या प्रकाशात काहीच चमकले नाही. उरला होता एक फिकट डाग, तोही कडेला. नवऱ्याने तक्त्यावरची अक्षरे वाचली, मग न सांगता खिडकीबाहेरच्या बियाणे कंपनीची पाटी पत्त्यासकट वाचली.

"बराबर हाय का, बाई?"

बरोबर होते. विषाणू पुन्हा उठू शकतो, डोळा पुन्हा लाल झाला तर घरी काही न घालता थेट या, असे डॉक्टरांनी दोघांनाही बजावले.

म्हणून प्रश्नाचे माझे उत्तर: नाही, मानू नये. पण मी डॉक्टर नाही. घरातली डोळ्यांच्या थेंबांची बाटली काढा, तिच्यावरचे बारीक अक्षर वाचा, आणि मी लिहिले ते खरे की खोटे, हे तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना स्वतः विचारून पाहा.