तळहातावरचा कागद

"बाबा, हात पुढे करा." अंतराळयानांच्या इंजिनांवर काम करणारी माझी लेक दोन वर्षांनी घरी आली होती. तिने माझ्या तळहातावर वहीचा एक कागद ठेवला. "आयन इंजिनाचा जोर साधारण या कागदाच्या वजनाएवढाच."

मी चाटच पडलो. माझा जन्म ट्रकची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला. "अगं, याने सायकलही हलायची नाही!"

"इथे नाहीच हलणार. तिथे अडवायला हवा नसते. विजेचा भार दिलेले वायूचे कण मागे फेकत ते महिनोन्‌महिने ढकलत राहतं. वेग साचतो, यान कुठल्या कुठे जातं."

या दोन वर्षांत दर फोनच्या शेवटी मी एवढंच विचारायचो, "लग्नाचं काय ठरवलंस?" बस, एक वाक्य.

ती उठली, स्वयंपाकघराच्या दारात थांबली. "बाबा, फ्रीजमधलं पाणी घेऊ का?"

माझी नजर तळहातावरच्या कागदावर गेली. स्वतःच्या घरात ती परवानगी मागत होती.