राक्षसाच्या पोटातली टिकटिक

परीकथांच्या बागेतला राक्षस तीस फूट उंच होता आणि त्याची देखभाल करणारा फिटर त्याच्या गुडघ्यालाही लागत नव्हता. फिटरला सगळे मामा म्हणत.

बागेच्या जागी आधी लाकडाची वखार होती. गिऱ्हाइकांची पोरं करवतीजवळ घुटमळायची, म्हणून वखारवाल्याने उरल्यासुरल्या फळ्यांची चेटकिणीची झोपडी ठोकून दिली. पोरं तिथे रमावीत, बोटं शाबूत राहावीत, एवढाच हेतू. झालं भलतंच. लोक लाकूड विसरले आणि झोपडीच बघायला यायला लागले. मग बोलका बेडूक आला, मनोरा आला आणि शेवटी राक्षस. बारा मुलं तळहातावर घेऊन तो त्यांना मनोऱ्याच्या खिडकीपर्यंत उचलायचा. वखारवाल्याने तेव्हाच नियम घालून दिला: ज्याने बोल्ट आवळले, सकाळच्या पहिल्या फेरीत त्याचंच बूड तळहातावर.

वखारवाला गेला, नियम राहिला. एकतीस वर्षं मामा रोज सकाळी एकटाच, मांडीवर हात ठेवून, लग्नाचा फोटो काढायला बसल्यासारखा वर जाऊन यायचा. जाता-येता राक्षसाच्या पोटातल्या चाकांचा आवाज ऐकायचा आणि चिठ्ठीवर 'ठीक' लिहून सही करायचा. मामाच्या कानावर कुणी शंका घेत नसे.

आता तो कानच दगा देत होता. डावा वर्षापूर्वी गेला, उजवा जायच्या वाटेवर. बायकोला वाटायचं, हा मुद्दाम ऐकत नाही. लग्नापासून तीच सवय असल्याने तिला वेगळा संशय आला नाही. बागेत सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी फाटकावर तिकिटं फाडायला बसवलं असतं. मामा गप्प राहिला.

त्या सकाळी तो पहिल्या फेरीहून उतरला. केबिनमध्ये त्याची मुलगी होती. राक्षसाची बटणं दोन वर्षांपासून तिच्या हातात.

"बाबा, पोटात टिकटिक येतेय का हो?"

तिच्या ओठांवरून त्याला कळलं. "मला नाही आली." आणि हे अगदी खरं होतं.

"मग माझेच कान वाजत असतील."

चिठ्ठीवर 'ठीक' पडलं. बारा मुलं बसली, अडवायचे दांडे खाली आले, तळहात उचलला.

मामा राक्षसाच्या पोटातल्या खोलीत शिरला. दारातून केबिन दिसायची. तळहात निम्म्यावर गेला आणि मुलीने मान तिरकी केली. ती मान त्याच्या ओळखीची होती; आवाज ऐकताना तशी करायला त्यानेच तिला शिकवलं होतं. मामाने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक गियरच्या पेटीला टेकवलं आणि त्याची मूठ दातांत घट्ट धरली. कानांना जे आलं नव्हतं ते कवटीत आलं. टक. मग थोडं मोकळं. पुन्हा टक.

त्याने हात वर केला. मुलीने बटण दाबलं आणि धावत आली. वीस फुटांवर बारा मुलं लटकत राहिली.

"चाकाचा दात तुटलाय. मोटर लावली तर शेजारचेही जातील. हाताने उतरवू. टिक आली की थांबायचं."

"मग तुम्ही ऐका, मी हँडल फिरवते."

"तुला नाही झेपणार. आणि मला ऐकू येत नाही."

"मोटर बंद आहे, आता येईल."

"मला ऐकूच येत नाही, बाळा. वर्ष झालं."

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. टिक आली की थाप. थाप बसली की मामा हँडल रोखायचा आणि मग केसभर पुढे सरकवायचा.

वर कलकलाट सुरू झाला. त्यात तिला काही ऐकू येईना. एक चिमुरडी ओरडली, "राक्षसाला झोप लागली का?"

मामाच्या मुलीने दारातून मान बाहेर काढली. "हो, नुकताच डोळा लागलाय. कुणी बोललं तर उठेल हं."

बारा मुलं चिडीचूप. खाली उभ्या आयाही.

थाप. थांब. थाप. हँडलच्या साठाव्या फेऱ्याला दुसरा दात गेला. हँडल उसळलं, तळहात वीतभर खाली आदळला. मामाने अंगाचा सगळा भार हँडलवर टाकला, मनगटातून कळ खांद्यापर्यंत गेली, पण सोडलं नाही. आणखी ऐंशी फेरे. मग तळहात जमिनीला टेकला आणि एक पोरगा कुजबुजला, "पुन्हा?"

वखारवाल्याची लेक, म्हणजे आताची मालकीण, चिठ्ठी घेऊन आली. "मामा, ही सही तुमची?"

"माझीच, ताई. टिकटिक पोरीला आली होती. मला ऐकू येत नाही, ते सांगायची लाज वाटली."

"तुम्हाला लाज वाटली म्हणून बारा पोरं वर?"

मामाने खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून तिच्या हातात दिला.

"उद्यापासून फाटक."

"बरं."

आठ दिवसांनी नवं चाक बसलं. बोल्ट मुलीने आवळले, तेव्हा नियमाप्रमाणे तळहातावर तीच बसली. मामा फाटकावरून आला आणि तिकिटांचा गठ्ठा घेऊन खाली उभा राहिला. एकतीस वर्षं वर जाताना त्याला कधी भीती वाटली नव्हती. आता पोरगी खिडकीपाशी जाऊन परत येईपर्यंत गठ्ठ्यातली वरची तिकिटं घामाने भिजून एकमेकांना चिकटली.

ती उतरली.

"टिकटिक?" त्याने विचारलं.

तिने तोंड त्याच्याकडे वळवलं आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "नाही."

मामा फाटक उघडायला गेला.