कागदात गुंडाळलेली काच

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगाच्या काचा घासण्याचं काम बाई सव्वीस वर्षं करत होत्या. इमारतीत मात्र त्यांची ख्याती वेगळीच. प्लास्टिकला त्या हात लावत नसत. तेल असो, मध असो, महाग पडलं तरी काचेच्या बरणीतलंच घ्यायच्या. जिन्यात कुणाकडे प्लास्टिकची पिशवी दिसली की तिथेच शिकवणी सुरू. पाठीमागे लोक त्यांना 'बरणीबाई' म्हणत. हे त्यांच्या नवऱ्याला ठाऊक होतं. कधीकधी तोही म्हणे.

एका सकाळी कामावर निघायच्या घाईत मधाची बरणी हातातून निसटली आणि तिचे तुकडे झाले. दुकानात फुटकी काच जाड कापडात बांधून, वर लाल खूण करून वेगळी ठेवायचा नियम होता. नव्या मुलींना तो बाईच शिकवत. पण बस चुकेल म्हणून घरी त्यांनी तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले आणि सुक्या कचऱ्यात टाकले. 'एवढ्याने काय होतंय,' असं मनाशी म्हणत त्या धावल्या.

इमारतीचा कचरा नेणारी मावशी दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. पाचव्या दिवशी आली ती उजव्या हाताला पट्टी बांधून. "कागदात काच होती," एवढंच ती म्हणाली. सहा टाके पडले होते.

बाईंना जेवण गेलं नाही.

रविवारी इमारतीची मीटिंग होती. सेक्रेटरींनी विषय काढताच सगळ्यांच्या नजरा तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याकडे वळल्या. त्यांच्याकडे पाहुण्यांचा राबता, बाटल्यांचा खच, आणि ओला-सुका कचरा एकत्रच.

"आम्ही नाही टाकली," त्या जोडप्यातली मुलगी म्हणाली.

"मग कुणी टाकली? बरणीबाईंनी?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

सगळे बाईंकडे बघत होते. बोलायची वेळ हीच होती. "काच टाकताना सगळ्यांनीच काळजी घ्यायला हवी," त्या म्हणाल्या. लोकांनी माना डोलावल्या. मुलीने मान खाली घातली.

पुढच्या तीन दिवसांत बाईंनी दुकानात दोन भिंगं चुकीची घासली. चौथ्या दिवशी त्या फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मावशी डाव्या हाताने आणि दातांनी पोत्याची गाठ मारत होती.

"ती बरणी माझी होती," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे. लेबल चिकटलं होतं ना काचेला. तसला मध इथे तुमच्याकडेच येतो."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तुम्हीच सांगाल. मीटिंग होती ना." मावशीने पोतं गाडीवर टाकलं. "तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंना उगाच बोलणी बसली. मला पट्टी बदलायला त्याच स्कूटरवरून नेतात."

बाईंना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

त्या तशाच तिसऱ्या मजल्यावर गेल्या. मुलीने दारातच सगळं ऐकून घेतलं. आत या म्हणाली नाही. "हे मला एकटीला सांगून काय उपयोग?" ती शांतपणे म्हणाली.

त्या संध्याकाळी बाईंनी एकेक दार वाजवलं. चौदा घरं. प्रत्येक दारात तेच वाक्य, आणि दर वेळी ते नव्याने जड. कुणी म्हणालं, "जाऊ द्या हो, होतं असं." ते फार लागलं. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "आमच्या पिशव्यांनी निदान कुणाचा हात तरी कापला नाही." बाई म्हणाल्या, "खरं आहे."

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "सगळ्यांना सांगितलंस?" त्यांनी होकारार्थी मान हलवली. त्याने ताट वाढून पुढे ठेवलं.

जखम भरली, पण मावशीचं मधलं बोट पूर्ण मिटत नाही. सकाळी फाटकापाशी दोघी भेटतात, इकडचं तिकडचं बोलतात. बोलता बोलता बाईंची नजर त्या बोटावर जाते, आणि पुढे काय बोलायचं होतं ते त्यांना आठवत नाही.