मामीचं मैदान

फिट येऊन गेल्यावर आमच्या मामीने डोळे उघडले की ती पहिलं विचारायची, “गुण किती झालं?” चांदे गावच्या मुलींना ती कबड्डी शिकवायची आणि स्वतःही खेळायची.

फिट मलाही येतात. आठवीत पहिल्यांदा आली, तशी आईने माझी सायकल देऊन टाकली आणि खेळाच्या तासाला मला वर्गातच बसवा म्हणून शाळेत सांगून आली. दोघींचा आजार एकच. तिला मैदान मिळालं, मला रिहे गावातल्या आमच्या घराची ओटी. मामीचा राग नव्हता मला, हेवा होता, आणि तो रागापेक्षा जास्त टोचायचा. मामा कडेला तिची पाण्याची बाटली घेऊन उभा राहायचा, त्याचाही हेवा वाटायचा. माझ्या घरचे हात धरायचे ते मला खाली बसवायला.

“गोळी चुकवायची न्हाई, झोप मोडायची न्हाई. मग पळायला कसली भीती?” असं ती म्हणायची. विहिरीत मात्र कधी उतरली नाही. “पान्यात मला कोन धरनार?”

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे गेले होते, तेव्हा ती माझ्यादेखत मैदानात फिट येऊन पडली. मुलींनी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी दिली, एकीने घड्याळ बघितलं. कुणी कांदा हुंगवला नाही, कुणी रडलं नाही. ती सावरून पायरीवर बसली आणि मुली पुन्हा खेळायला लागल्या. माझ्या फिटनंतर आमच्या घरात सुतक असल्यासारखं व्हायचं. त्या संध्याकाळी मी जेवले नाही. मामीने कारण विचारलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं.

पुढच्याच आठवड्यात ती आमच्याकडे आली. “वन्सं, पोरीला माझ्याकडं धाडा.”

“आन पडली म्हंजी?” आई म्हणाली.

“पडंल. मी न्हाई का पडत? आदी डॉक्टरला इचारू, मग तर झालं?”

डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, फक्त सोबत जाणतं माणूस हवं म्हणाले. आईने डोळे पुसत माझी पिशवी भरली.

पहिल्याच चढाईत मला धाप लागली. मामी म्हणाली, “ह्यो दम बसून बसून गेलाय, फिटनं न्हाई.”

पुढे मामाची जमीन इमारतींत गेली. दोघांनी ताम्हिणीला ढाबा टाकला. मामीचा गुडघा कामातून गेला, खेळ सुटला. चांद्याच्या मुलींना आता मी शिकवते. अधूनमधून फिट येते, पडते, उठते.

गेल्या हिवाळ्यात मामी आमचा सामना बघायला आली. मी दोघींना बाद करून परतले आणि सामना संपल्यावर तिच्याशेजारी जाऊन बसले. ती मैदानाकडेच बघत होती.

“लई जळतीया बघ मी तुझ्यावर,” ती म्हणाली. हसली नाही.

ते दुखणं मला चांगलं ठाऊक होतं, म्हणून समजूत घातली नाही. तिचा पाय मांडीवर घेतला आणि गुडघा चेपत बसले.